एक रंग आणि चार इयत्ता

गेल्या एप्रिलमध्ये, परीक्षा आटोपल्यावर, मालवण तालुक्यातील माझ्या गावच्या प्राथमिक शाळेत मी पंधरा दिवस शिकवायला गेले. शाळा सकाळची, खोली एक, मुले सतरा आणि इयत्ता चार. शिक्षकाचे एक पद रिकामे, त्यामुळे गुरुजी एकटेच. पहिलीला अक्षरे गिरवायला बसवावे, तोवर चौथीचा भागाकार अडतो, अशी त्यांची रोजची ओढाताण. चारही इयत्तांना एकत्र बसून शिकता येईल असे काहीतरी हवे होते. म्हणून मी एक रंग निवडला : तांबडा.

पहिल्या दिवशी मी शहरातून आणलेला तक्ता भिंतीवर लावला. सफरचंद, टपालपेटी, गुलाब, आगगाडीचा सिग्नल. मुले गप्प. शेवटी तिसरीतील एक मुलगी म्हणाली, “बाई, ह्यां आमच्याकडे गावणा नाय. आमच्याकडे रतांबे आसत.” बोलली आणि तिने हात पाठीमागे लपवले. आईबरोबर रतांबे फोडून तिची बोटे रंगली होती, आणि ‘हात न धुता शाळेत आलीस’ म्हणून सकाळी मीच तिला रागावले होते! मी तक्ता उतरवला.

दुसऱ्या दिवशी तीच आमची शिक्षिका झाली. रतांबा कसा फोडावा, साल उन्हात कशी वाळवावी, तिला गराच्या रसाची पुटे कशी द्यावीत, हे तिने करून दाखविले. पहिलीने ‘र’ रतांब्याचा म्हणून गिरविला. दुसरीने साली मोजल्या. चौथीने ओल्या आणि सुक्या सालीचे वजन करून किती पाणी उडाले ते काढले. वजाबाकी तीच, पण या खेपेस ‘कशाला करायची?’ असे कोणी विचारले नाही.

मग विज्ञान आपोआप आले. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळल्या. त्यावर साबणाचे पाणी टाकताच रंग हिरवट झाला, लिंबू पिळताच लालसर. उलट पिवळ्या हळदीला चुन्याची निवळी लावली तर ती तांबडी होते. कुंकू याच रीतीने करतात. आंबट पदार्थ आणि खार यांचा हा पहिला धडा मुलांनी स्वतःच्या हातांनी घेतला.

चौथीतील एकाने विचारले, “पुस्तकातली माती काळी, मगे आमची तांबडी कित्याक?” उत्तर सांगण्याऐवजी आम्ही एक खिळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. चार दिवसांनी त्याला गंज चढला, आणि मुलांनी तो अंगणातल्या मातीशेजारी धरून पाहिला. देशावरची काळी माती बेसाल्ट खडकाची. इकडे युगानुयुगे कोसळणाऱ्या पावसाने खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली. लोह मागे राहिले, त्याचा प्राणवायूशी संयोग झाला. तोच आपला जांभा, ज्याचे चिरे आपल्या घरांना लागतात. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहिला व विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. त्याचा ग्रंथ १८०७ साली प्रसिद्ध झाला. मुलांना मात्र अधिक नवल वाटले ते हे, की आपल्या घराची भिंत आणि गंजका खिळा एकाच नात्यातले!

भाषेचा तास सर्वांत रंगला. तांब्यावरून तांबडा, मग तांबूस, लालबुंद, लालचुटूक, ‘तांबडं फुटलं’. मच्छीमारांच्या मुलांनी तांबोशी मासा आणून जोडला.

एक चूकही सांगते. पाढे तांबड्या खडूने लिहून मी ‘गणितही आले’ असे समाधान मानले होते. गुरुजी हसून म्हणाले, “हा नुसता खडू झाला. यात रंगाने काही विचारले का?” त्यांचे म्हणणे खरे होते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नयी तालीममध्ये समवायाची जी कल्पना पुढे आली, तिचे मर्म हेच आहे : विषय ओढूनताणून जोडायचे नाहीत, हातातल्या कामातून ते निघाले पाहिजेत. जे निघत नाही, ते वेगळे शिकवावे. पाढे आम्ही वेगळेच म्हटले.

सर्व अडचणी रंगाने सुटतात असे माझे म्हणणे नाही. रिकामे पद भरलेच पाहिजे. पण आपल्यापैकी कित्येकजण उद्या अशाच शाळांत शिक्षक म्हणून जातील. जाताना तक्ता जरूर न्यावा. मात्र तो भिंतीवर लावण्यापूर्वी मुलांच्या हातांकडे एकदा पाहावे. शेवटच्या दिवशी “पुढचा रंग कोणता?” असे विचारले, तेव्हा त्या मुलीने हात वर केला. बोटे तशीच रंगलेली होती. “निळो,” ती म्हणाली, “दर्याचो.”