कोपरखैरणे ते महालक्ष्मी: रेसच्या रविवारी

महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या रेसचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. कोपरखैरण्याहून ठाणे, मग दादर, तिथून वेस्टर्नने महालक्ष्मी. पावसाळ्यात रेस पुण्याला असतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, आधी पॅडॉकला उभे राहा. रेसआधी घोडे तिथे फिरवतात. अंगाची चमक, चालीतला मोकळेपणा, मानेवरचा घाम नीट बघा. सुरू व्हायच्या आधीच घामाने निथळणाऱ्या घोड्यावर मी पैसे लावत नाही. मग रेसच्या पुस्तकात घोड्याला दिलेलं वजन बघा. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणून मागची रेस जिंकलेला घोडा आज अडकू शकतो. ही गोष्ट कळायला मला दोन सीझन लागले आणि तोवर बरेच पैसे गेले.

पैसे लावायचे दोन मार्ग: टोट आणि बुकी. टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कर आणि कमिशन कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. त्यामुळे भाव शेवटपर्यंत हलतो. बुकीकडे मात्र पैसे लावताना मिळालेला भाव पक्का. नवख्याने 'प्लेस' लावावं. घोडा पहिला आला नाही तरी पुढच्या क्रमांकांत आला की पैसे मिळतात.

आणि फेब्रुवारीतली इंडियन डर्बी चुकवू नका! 2400 मीटर, चार वर्षांचे घोडे. 1943 ची पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने मारली होती. शेवटच्या वळणावरून घोडे सरळीला लागले की अख्खा स्टँड उभा राहतो, आणि टापांचा आवाज छातीत जाणवतो. मी घरून ठरवलेली रक्कमच नेतो. ती संपली की पुढच्या रेस रेलिंगपाशी उभं राहून नुसत्या बघतो.