शनिवार-रविवारचे फिरणे आणि पाहण्याचा हक्क

परदेशात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींचे फोटो आता मोबाईलवर येतात. पाठीमागे टेम्स नदीचा पूल, अंगात जाड कोट, चेहऱ्यावर हसू. आई-बाप ते फोटो वस्तीत दहा जणांना दाखवतात. त्या दहांतला एखादा तरी हमखास म्हणतो, ‘शिकायला गेलाय की फिरायला? सरकारच्या पैशावर मजा चाललीय!’ असे बोलणारा नेहमी वरच्या आळीतलाच असतो असे नाही. कधी कधी तो आपल्याच विहाराच्या पायरीवर बसलेला असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट दिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. आमचे उत्तर सरळ आहे. तो शिकायला गेला आहे, म्हणूनच त्याने फिरले पाहिजे.

आमच्या समाजाने पायपीट कमी केली का? गावकीचा सांगावा आम्हीच नेला. मयताची खबर परगावी आम्हीच पोहोचवली. सरकारी खजिन्यासोबत रात्रीबेरात्री आम्हीच चाललो. दुष्काळात गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांकडे निघालो, आजही कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो. चाललो खूप, पण ते कोणाच्या तरी कामासाठी किंवा पोटासाठी. काम नसताना, नुसते पाहण्यासाठी रस्त्यावर निघालेला माणूस मात्र गावाच्या डोळ्यांत खुपत असे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणात जगापुढे मांडले. ज्यांच्या शास्त्राने समुद्र ओलांडणे पाप ठरवले, तेच आधी बोटीत बसून विलायतेला गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. आम्हाला समुद्र दूरच राहिला, साधा रस्ताही मोकळा नव्हता.

आणि सुटी? ती तरी कोठे फुकट मिळाली? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली १८९० मध्ये, महात्मा फुल्यांचे सहकारी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. म्हणजे रविवार हीसुद्धा चळवळीची कमाई आहे. ती कमाई वापरणाऱ्याला चैनी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता १९३४ सालची गोष्ट आठवा. चळवळीतील काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांपुढे इच्छा मांडली की आपण सहलीला जाऊ, स्थळे पाहू. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सुमारे तीस जणांची मंडळी औरंगाबादमार्गे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबली. प्रवासाची धूळ अंगावर होती, समोर पाण्याने भरलेला हौद होता. काहींनी हात-पाय-तोंड धुतले. एवढ्यावरून स्थानिक मुसलमानांचा जमाव जातिवाचक शिव्या देत धावून आला. पाणी बाटवले, म्हणे! अखेर किल्ल्यात सोडले, ते आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. हिंदूंना जो अस्पृश्य, तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच ठरतो, जातीचा रोग धर्माच्या भिंती ओलांडून गेला आहे, हा धडा बाबासाहेबांनी या प्रसंगातून मांडला.

आमच्या वाचकांनी या प्रसंगातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ती मंडळी सत्याग्रहाला निघालेली नव्हती. महाड झाले होते, नाशिकचा लढा पाहून झाला होता. हे सारे जण केवळ स्थळे पाहायला निघाले होते. आणि त्यांच्यात कोण होते? कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांतून डॉक्टरेटचा अभ्यास केलेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला महापुरुष! न्यूयॉर्क आणि लंडन ज्याने पायाखाली घातले, त्याला दौलताबादच्या किल्ल्यात शिपायाच्या पहाऱ्यात फिरावे लागले. पाहण्याचा हक्क म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

यावर काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी लंडनमध्ये कोठे सहली केल्या? ते तर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत. खरे आहे. अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले होते. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांसारख्या मित्राचे कर्ज घेऊन. एकेक दिवस पैशाने मोजलेला होता. पण त्यांची ती उपासमार आमच्या मुलांनी पुन्हा भोगावी, म्हणून त्यांनी ती भोगली काय? आमच्या मुलांना उसंत मिळावी म्हणून त्यांनी स्वतःची उसंत घालवली. आणि फिरण्याचे त्यांना वावडेही नव्हते. न्यूयॉर्कमध्ये वेळ मिळेल तसा ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडत. पुढे प्रकृती साथ देत नसतानाही १९५० मध्ये कोलंबो, १९५४ मध्ये रंगून, १९५६ मध्ये काठमांडू असा प्रवास त्यांनी धम्मासाठी केला. तथागतांनीही भिक्खूंना एका जागी बसून राहायला सांगितले नव्हते, बहुजनांच्या हितासाठी चालत राहायला सांगितले होते.

प्रश्न फिरण्याचा नाही, काय पाहायचे याचा आहे. लंडनला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आठवड्याचे दोन दिवस येतात. त्यातही खोलीचे भाडे भागवायला एखाद्या हॉटेलात भांडी घासण्याची किंवा दुकानात माल लावण्याची पाळी असते. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते, आणि ते तास बहुधा शनिवार-रविवारीच पडतात. तेव्हा महिन्यातून एखादाच आठवडा मोकळा मिळतो. तो कसा घालवावा?

शनिवारची सुरुवात १०, किंग हेन्रीज रोड या घरापासून करावी. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब येथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते स्मारक म्हणून खुले झाले. पण तेथेही संघर्ष सुटला नाही. शेजारच्या काहींनी माणसांची वर्दळ नको म्हणून तक्रार केली, कॅम्डेनच्या नगर परिषदेने संग्रहालयाची परवानगी नाकारली, आणि चौकशी होऊन मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ती मंजूर केली. घरासमोर फोटो जरूर काढावा. पण फोटो काढून लगेच पुढची बस पकडू नये. जवळच प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून सारे लंडन दिसते, तिकीट लागत नाही. तेथे बसून विचार करावा की डबक चाळ आणि परळच्या चाळीतून आलेला एक तरुण या शहरात कोणत्या बळावर उभा राहिला.

तेथून ब्रिटिश म्युझियम तासाभराच्या चालीवर आहे. प्रवेश विनामूल्य. मधोमध घुमटाचे गोल वाचनालय आहे, १८५७ मध्ये उघडलेले. कार्ल मार्क्स येथेच वाचत बसे, बाबासाहेबही येथेच बसले. आज ते वाचनालय म्हणून चालत नाही. १९९७-९८ मध्ये पुस्तके सेंट पँक्रसच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. पण घुमट जागेवर आहे.

त्याच इमारतीत ३३ अ क्रमांकाचे दालन आहे, आणि आमच्या मते आमच्या विद्यार्थ्याने लंडनमध्ये सर्वांत जास्त वेळ द्यावा तो येथे. ते उघडे आहे की नाही, याची चौकशी मात्र आधी करून जावे. कृष्णा नदीकाठच्या अमरावती महास्तूपाची शिल्पे काचेमागे उभी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा स्तूप अठराव्या शतकाअखेर एका जमीनदाराच्या बांधकामासाठी फोडला जात होता. धम्माची शिल्पे पायरीला आणि चुन्याच्या भट्टीला गेली! १८४५ मध्ये वॉल्टर एलियट या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे खोदकाम केले, आणि त्यांतले दगड पुढे लंडनला गेले. मोठा हिस्सा चेन्नईच्या संग्रहालयात आहे. जुन्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. आहेत ती पावले, रिकामे आसन, बोधिवृक्ष. आणि अमरावतीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. राजे आणि सावकारच नव्हेत, तर गृहिणी, भिक्खुणी आणि विधिक नावाचा एक चर्मकारसुद्धा! आई, बायको, भाऊ, मुलगा अशा साऱ्या गोतावळ्यासह त्याने पूर्णघटाची शिळा दान केली. ज्या हाताचा स्पर्श पुढे विटाळ ठरला, त्या हाताचे दान एकेकाळी महास्तूपात बसवले गेले होते. हा इतिहास आमच्या शाळेच्या पुस्तकात कोणी शिकवला?

रविवारी ब्रिस्टलला जावे. लंडनहून बसने अडीच-तीन तास लागतात. हे गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेले बंदर. एडवर्ड कोलस्टन या व्यापाऱ्याचा पुतळा तेथे १८९५ मध्ये दानशूर म्हणून उभारला होता. ज्या कंपनीत तो अधिकारी होता, तिने त्याच्या काळात सुमारे ८४ हजार आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून जहाजांत भरली. ७ जून २०२० रोजी जनतेने तो पुतळा पाडून बंदराच्या पाण्यात ढकलला. आता तो एम शेड या संग्रहालयात, अंगावरच्या रंगासकट, आडवा ठेवला आहे. तेथे उभे राहून जोतीराव फुल्यांचे स्मरण करावे. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. पुण्यात बसून जोतीरावांना जे जग दिसले, ते आमच्या मुलांनी जवळ जाऊन का पाहू नये?

याच ब्रिस्टलमध्ये १९६३ साली बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांत, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, कंपनी नमली. पुढच्याच महिन्यात पहिला बिगरगोरा वाहक रुजू झाला, तो रघबीर सिंग नावाचा शीख होता. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यामागे या लढ्याचाही हात होता. महाडचे चवदार तळे ज्याला कळले, त्याला ब्रिस्टलची बस समजावून सांगावी लागत नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो चळवळीचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, ते याच नात्याने.

फिरताना आणखी एक गोष्ट दिसेल. सहलीला निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या टोळक्यात कोणीतरी गोड आवाजात आडनाव विचारेल, मग गाव, मग ‘कोणत्या कोट्यातून?’ जात विमानात बसून आधीच पोहोचलेली असते. परमिला तिर्की या बिहारमधून नेलेल्या आदिवासी स्त्रीला इंग्लंडमधील एका भारतीय घरात साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस राबवले गेले. तिला कसला शनिवार आणि कसला रविवार? २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने तिला थकलेल्या वेतनापोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. तरी जातिभेदाविरुद्ध स्पष्ट कलम कायद्यात आले नाही. ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये ते आणण्याचे बंधन सरकारवर घातले होते, २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. त्या देशातील आंबेडकरी आणि रविदासिया संघटनांनी हा लढा दिला. ज्याच्या हाती आणखी एक रविवार असेल, त्याने वुल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्ध विहारात जावे. पंजाबहून मजुरीसाठी गेलेल्या आमच्या बांधवांनी परक्या भूमीत निळा झेंडा कसा जपला, ते कळेल.

हे सारे आम्ही आज का लिहितो? कारण २०२२ मध्ये केंद्र सरकारने नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीचा नियम बदलला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे अनुसूचित जातीचा विद्यार्थी परदेशी जाईल, पण जातीचा अभ्यास करणार नाही! १९१६ मध्ये कोलंबियात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. हा नियम तेव्हा असता, तर तो निबंध शिष्यवृत्तीवर लिहिताच आला नसता. विषय बंद करता येतात, डोळे बंद करता येत नाहीत. वर्गात जे शिकू दिले जात नाही, ते शनिवारी अमरावतीच्या शिळेसमोर आणि रविवारी ब्रिस्टलच्या बंदरावर शिकता येते. तेथे कोणत्याही मंत्रालयाचे परिपत्रक चालत नाही.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे, फिरा. संकोच करू नका, लपवू नका. मात्र फोटोसोबत चार ओळी लिहून पाठवा. काय पाहिले, ते आपल्या लोकांचे काय लागते, हे लिहा. आई-बापांना सांगणे आहे, कोणी टोमणा मारला तर मान खाली घालू नका. त्याला दौलताबादची गोष्ट सांगा. आणि गावोगावच्या विहार समित्यांना सांगणे आहे, परदेशातून सुटीवर आलेल्या मुलामुलीचा नुसता शाल-श्रीफळाने सत्कार करू नका. त्याला तासभर बोलायला लावा आणि वस्तीतली दहावी-बारावीची पोरे पुढच्या रांगेत बसवा.

आमच्या आज्याला रस्ता मोकळा नव्हता. बापाने पोटासाठी रस्ता तुडवला. आता नातू पाहण्यासाठी निघाला आहे. त्याच्या सोबत आज हत्यारबंद शिपाई नाही. हे आपोआप घडलेले नाही. ज्यांनी हे घडवले, त्यांच्या ऋणाची जाणीव ठेवून त्याने डोळे उघडे ठेवून चालावे, एवढीच आमची अपेक्षा.

जयभीम!