शिबिरातील भांडी

बालवीरांचे शिबिर म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे तंबू, शेकोटी आणि गाणी उभी राहतात. जेवणानंतरचा खरकट्या भांड्यांचा ढीग कोणालाच आठवत नाही. तथापि साऱ्या पथकाचे आरोग्य पुष्कळ अंशी त्या ढिगावर अवलंबून असते. शिबिरात ताटे, वाट्या, डाव ही सर्वांची सामाईक. एकाने हयगय केली, तर दुसऱ्या दिवशी अनेक जण पोट धरून तंबूत पडून राहतात.

मुलांनो, भांडे चकचकीत दिसते म्हणून ते निर्मळ असतेच असे नाही. ताटाला राहिलेला ओशटपणा व अन्नाचा कण यांवर जिवाणू पोसतात. ऊब आणि ओल मिळाली की काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. ही वाढ अशीच चालू राहिली, तर एका जिवाणूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक होतील. हिशेब करून पाहा!

म्हणून प्रथम खरकटे खड्ड्यात टाकावे व चुलीजवळ तीन घंगाळी मांडावी. पहिल्यात साबणाचे कढत पाणी, दुसऱ्यात विसळण्यासाठी स्वच्छ पाणी आणि तिसऱ्यात नुकतेच उकळलेले पाणी असावे. आधी पेले, मग वाट्या व ताटे, आणि सर्वांत शेवटी पिठल्याचा टोप, असा क्रम ठेवावा. नाहीतर टोपाचा ओशटपणा पेल्यांना लागतो. घासण्यास नारळाची शेंडी उत्तम. आपल्या आज्या राखेने भांडी घाशीत, त्यातही शहाणपण होते. लाकडाच्या राखेतील क्षार तेलातुपाशी संयोग पावून साबणासारखे काम करतात. मात्र राखेऐवजी ओढ्याकाठची माती घेऊ नये. तिच्यातच रोगजंतू असू शकतात.

तिसऱ्या घंगाळाचे महत्त्व सर्वांत अधिक. त्यातील पाणी निदान ७७ अंश सेल्सिअस तापलेले हवे, आणि भांडे त्यात अर्धा मिनिट पूर्ण बुडलेले राहावयास हवे. ज्या पाण्यात हात घालवतो, ते पाणी या कामाचे नव्हे! अर्थात भांडी चिमट्याने, आणि तीही मोठ्यांच्या देखत, बुडवावी. पुढे ती फडक्याने पुसू नयेत. एकच ओले फडके सर्व ताटांवरून फिरले, की आधीचे श्रम वाया जातात. बांबूच्या मांडणीवर भांडी पालथी घालून उन्हात वाळू द्यावीत.

ओढा जवळ असला की त्यातच भांडी बुडवून घासण्याचा मोह होतो. पण खालच्या अंगास एखादे गाव तेच पाणी पीत असेल! यासाठी ओढ्यापासून निदान शंभर पावले दूर एक खड्डा खणावा, त्याच्या तोंडावर काटक्या व गवत पसरावे आणि घाण पाणी त्यावर ओतावे. ओशट गाळ गवतात अडकतो, पाणी जमिनीत मुरते. ते गवत रोज सायंकाळी काढून जाळावे व नवे घालावे. न घातल्यास माश्यांचे शिबिर आपल्या शेजारीच भरते. मुक्काम हलविताना खड्डा मातीने बुजवून टाकावा.