पटाशीच्या दातांचे कवच

कुंडलच्या कुस्ती मैदानाचा लौकिक दूरवर असल्यामुळे पलूस तालुक्यातील पोरांच्या अंगाला तांबडी माती लवकर लागते. आणि त्या मातीत, वा कबड्डीच्या पकडीत, कोणाचे कोपर तोंडावर आदळून दात मोडला, तर ‘खेळात व्हायचेच’ असा शेरा मारून वडीलधारी मंडळी प्रकरण दाखलदफ्तर करतात. वस्तुतः सातव्या-आठव्या वर्षी येणारे वरचे पटाशीचे दात कायमचे असतात; एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. म्हणून खेळताना त्यांना कवच हवे.

लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्राउझ यांनी १८९० साली मुष्टियोद्ध्यांसाठी रबरासारख्या गटापर्चाच्या पट्ट्या योजल्या. आजचा माउथगार्ड ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. दंतवैद्य वरच्या दातांचा ठसा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती करतात आणि तापवून मऊ केलेला, ३-४ मिलिमीटर जाडीचा लवचीक पत्रा, मधली हवा शोषून, तिच्यावर तंतोतंत बसवतात. त्यायोगे आघात एका दातावर न एकवटता सर्वत्र विभागला जातो. बाजारी तयार गार्ड दातांत आवळून धरावा लागतो. तो तोंडात घेऊन चढाईत ‘कबड्डी, कबड्डी’चा दम कसा टिकावा? मापाचा मात्र आपोआप बसून राहतो. दात बदलण्याच्या वयात तो वरचेवर नवा करावा लागतो, हा खर्च खरा. पण कृत्रिम दाताहून स्वस्त. गरम पाण्याने धुऊ नये, आकार बिघडतो.

इतके करूनही कायमचा दात निखळलाच, तर मूळ न घासता, वरच्या भागाला धरून, तो दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा.