पेटिका-आलेख आणि कुंपणाबाहेरील नोंदी

इतिहासाच्या साधनांत आंकड्यांचा भरणा थोडा नाहीं. जमाखर्चाच्या वह्या, बाजारभावांचे तक्ते, पर्जन्यमानाच्या नोंदी, वेधशाळांचीं टिपणें ह्या सर्वांचा अर्थ लावतांना संशोधकाची गांठ वारंवार एका प्रश्नाशीं पडते: इतरांशीं न जुळणारा आंकडा खरा धरावा कीं लेखकप्रमाद समजून सोडून द्यावा? अलीकडे हा निवाडा पुष्कळ जण संगणकावर सोंपवितात. आंकडे पुरविले कीं क्षणार्धांत एक आकृति तयार होते आणि तींत कांहीं नोंदी सुट्या ठिपक्यांच्या रूपानें बाजूस काढलेल्या दिसतात. ह्या आकृतीस इंग्रजींत बॉक्स अँड व्हिस्कर प्लॉट, म्हणजे पेटी व मिशा यांचा आलेख, असें म्हणतात. आम्ही तिला पेटिका-आलेख म्हणूं. ती कशी काढावी, बाजूचे ठिपके कोणत्या नियमानें निघतात व त्या नियमावर भिस्त किती ठेवावी, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या आकृतीचें पूर्वरूप मेरी एलिनॉर स्पिअर ह्या अमेरिकन विदुषींच्या १९५२ सालच्या ग्रंथांत आढळतें. आज रूढ असलेलें रूप मात्र जॉन टुकी (१९१५–२०००) ह्या गणितज्ञाचें असून त्याचा प्रसार त्यांच्या १९७७ च्या ग्रंथानें झाला. रचना अवघड नाहीं. सर्व नोंदी चढत्या क्रमानें मांडाव्या. मधोमध येणारी किंमत ती मध्यक. जिच्या खालीं एक चतुर्थांश नोंदी राहतात ती पहिलें चतुर्थक आणि जिच्या वर एक चतुर्थांश राहतात ती तिसरें चतुर्थक. ह्या दोन चतुर्थकांमध्यें पेटी काढावयाची व तींत मध्यकाची आडवी रेघ ओढावयाची. पेटीची उंची म्हणजे चतुर्थकांतर. त्याच्या दीडपट अंतरावर पेटीच्या खालीं व वर एक एक कुंपण कल्पावयाचें. कुंपणें काढीत नाहींत, तीं मनांत धरावयाचीं. त्यांच्या आंत जी शेवटची खरी नोंद सांपडेल तेथपर्यंत मिशी जाते. मिशी कुंपणालाच जाऊन टेकते असा समज पुष्कळदां आढळतो, तो बरोबर नाहीं. जें कुंपणाबाहेर राहिलें त्याचा ठिपका होतो.

हातानें हें करण्यास वेळ लागतो, म्हणून लायब्ररीचा, म्हणजे आधींच लिहून ठेविलेल्या आज्ञांच्या संग्रहाचा, उपयोग करितात. पायथॉन ह्या संगणकभाषेंतील मॅटप्लॉटलिब हा असा संग्रह प्रसिद्ध आहे. तो जॉन हंटर (१९६८–२०१२) ह्यांनीं रचिला व २००३ सालीं लोकांस खुला केला. त्याच्या पायप्लॉट ह्या विभागांत बॉक्सप्लॉट नांवाची आज्ञा आहे. तिला आंकड्यांच्या याद्या द्याव्या, म्हणजे प्रत्येक यादीस एक पेटी मिळते. येथें दोन ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे. याद्यांऐवजीं चौकटीचा तक्ता दिल्यास आज्ञा उभ्या स्तंभास एक गट मानते. पांच ओळी व वीस स्तंभ असा तक्ता दिला तर पांचांऐवजीं वीस पेट्या उमटतात. दुसरें असें कीं, एखादी जागा रिकामी राहून तेथें 'आंकडा नाहीं' अशी खूण पडली असेल, तर त्या गटाची पेटी मुळीं निघतच नाहीं. जुन्या वह्यांत कसरीनें खाल्लेल्या जागा किती असतात हें वाचकांस सांगावयास नको. अशा खुणा आधीं गाळून मगच यादी द्यावी, आणि किती गाळल्या हें टिपून ठेवावें.

आतां उदाहरण. १८७९ सालीं अमेरिकेंत अ‍ॅनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयांत आल्बर्ट मायकेलसन ह्या २६ वर्षांच्या अधिकाऱ्यानें फिरत्या आरशाच्या साहाय्यानें प्रकाशाचा वेग मोजिला. ह्याच मायकेलसनला पुढें १९०७ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या १०० नोंदी आज वीस-वीसच्या पांच गटांत मांडलेल्या मिळतात. आर नांवाच्या सांख्यिकीच्या संगणकभाषेबरोबर त्या कोणासही विनामूल्य लाभतात. मात्र तेथें त्या संचाला मॉर्ले असें नांव पडलें आहे. मॉर्लेचा ह्या प्रयोगाशीं कांहीं संबंध नव्हता. त्याचें व मायकेलसनचें नांव एकत्र जोडणारा सुप्रसिद्ध प्रयोग १८८७ चा. दप्तराच्या रुमालावरील चिठीवर विसंबून आंतील कागदांचा कर्ता ठरवूं नये, ह्याचें हें नवें प्रत्यंतर समजावें. असो. ह्या नोंदी सेकंदास किलोमीटर ह्या मापांत असून प्रत्येकींतून २,९९,००० वजा केलेले आहेत; म्हणजे ८५० असें लिहिलें असेल तेथें २,९९,८५० वाचावें.

पहिल्या गटाचीं चतुर्थकें ८५० व ९८० आणि मध्यक ९४०. चतुर्थकांतर १३०, त्याची दीडपट १९५. तेव्हां खालचें कुंपण ६५५ वर येतें. ह्या गटांत ६५० अशी एक नोंद आहे. ती केवळ ५ नें कुंपणाबाहेर पडली व ठिपका झाली. वरचें कुंपण ११७५ असल्यामुळें १०७० ही सर्वांत मोठी नोंद आंतच राहिली. तिसऱ्या गटाची पेटी फार आंखूड आहे: ८४० ते ८८०. कुंपणें ७८० व ९४० वर पडतात आणि ६२०, ७२०, ७२०, ९५० व ९७० अशा पांच नोंदी बाहेर जातात. वीसांतील पांच नोंदी अपवाद ठराव्या हें विलक्षणच. शिवाय कुंपणाच्या आंतील सर्वांत लहान नोंद ८४० हीच असल्यामुळें ह्या पेटीस खालची मिशीच उरत नाहीं. दुसऱ्या, चौथ्या व पांचव्या गटांत एकही ठिपका नाहीं. चौथ्या गटांतही ७२० ही नोंद आहे. परंतु तेथील पेटी लांब असल्यामुळें ती मिशीचें टोंक होऊन प्रतिष्ठेनें राहिली. तोच आंकडा, तोच प्रयोगकर्ता, तेंच यंत्र. एका गटांत बहिष्कृत, दुसऱ्या गटांत मान्य.

शंभरही नोंदींची एकच पेटी काढिली तर निकाल पुन्हां बदलतो. चतुर्थकें ८०७.५ व ८९२.५, कुंपणें ६८० व १०२०. आतां ७२० च्या तिन्ही नोंदी आंत येतात, आणि आपल्या गटांत निर्दोष असलेली १०७० ही नोंद ६२० व ६५० यांच्यासह बाहेर जाते. तेव्हां अमुक नोंद विसंगत आहे असें म्हणतांना ती कोणत्या सोबतींत बसविली होती हें सांगितल्यावांचून त्या विधानास अर्थ राहत नाहीं.

ह्या नोंदींचें खरें उत्तर आज ठाऊक आहे, म्हणून पारख आणखी पुढें नेतां येते. शंभर नोंदींची सरासरी ८५२.४. तपमान व हवा यांबद्दल एकूण ९२ ची भर घालून मायकेलसननें निर्वात प्रदेशांतील वेग २,९९,९४४ असा काढिला. १९८३ सालीं ठरविलेल्या व्याख्येनुसार हा वेग २,९९,७९२.४५८ आहे. त्यांतून त्याचीच भर परत वजा केली, तर नोंदींनीं जेथें पडावयास हवें होतें तो आंकडा सुमारें ७०० येतो. कुंपणांच्या आंत राहिलेल्या एकाही नोंदीची मजल तेथपर्यंत गेलेली नाहीं. शंभरांत ७०० च्या सर्वांत जवळ आहेत त्या ७२० च्या तीन नोंदी, आणि त्यांतील दोन तिसऱ्या गटाच्या नियमानें बाहेर काढल्या गेल्या! त्या गटाची सरासरी ८४५ आहे. पांचही ठिपके गाळले तर ती ८६१.३ होते, म्हणजे सत्यापासून अधिकच दूर सरते. ह्यावरून ७२० च्या नोंदी विशेष काळजीनें घेतल्या होत्या असें सिद्ध होत नाहीं. सर्व प्रयोगच वरच्या बाजूस झुकला असतां खालीं घसरलेली नोंद सहजगत्या सत्याजवळ आली असावी. परंतु सर्वांस समान असलेली चूक पेटिका-आलेखांत दिसत नाहीं, आणि बहुमताशीं न जुळणें व असत्य असणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढें तरी मान्य करावें लागेल. १८७६–७८ च्या दुष्काळांतील धान्याचे भाव आधींच्या सुकाळाच्या भावांबरोबर एका यादींत घातले तर तेही कुंपणाबाहेरच पडतील. ते गाळणारा इतिहासकार दुष्काळच गाळील.

पेटी आणखी एक गोष्ट झांकते, ती म्हणजे क्रम. तिसऱ्या गटाची मूळ यादी पाहिली असतां ७२०, ७२० व ६२० ह्या नोंदी पांचव्या, सहाव्या व सातव्या, म्हणजे लागोपाठ, येतात. त्यांच्या आधीं ८६० आहे व नंतरही ८६० च आहे. तीन सुट्या योगायोगांपेक्षां त्या वेळीं यंत्रांत किंवा हवेंत तात्पुरता कांहीं फरक पडला असावा असा तर्क येथें अधिक संभवतो. यादी चढत्या क्रमानें लावतांक्षणींच हा पुरावा नाहींसा होतो. ह्यास्तव आमची शिफारस अशी कीं, पेटीबरोबरच स्कॅटर ह्या आज्ञेनें सर्व नोंदी मूळ क्रमानें मांडून एक दुसरी आकृति अवश्य काढावी. नोंदी थोड्या असतील तर ही दुसरी आकृतीच पुरेशी होते. तीन नोंदींची पेटी व तीनशें नोंदींची पेटी पाहणाऱ्यास सारख्याच भारदस्त वाटतात.

चतुर्थक काढण्याच्या रीतीही एकाहून अधिक आहेत. हाइंडमन व फॅन ह्यांनीं १९९६ सालीं संगणकांवर प्रचलित असलेल्या नऊ रीति वर्णिल्या. चौथ्या गटाचीं चतुर्थकें मॅटप्लॉटलिब ७६७.५ व ८६५ अशीं देतें. आर भाषेंतील त्याच नांवाची आज्ञा टुकींच्या मूळ रीतीस धरून पेटी ७६५ ते ८७० अशी काढिते. येथें त्यानें ठिपक्यांत फरक पडत नाहीं. पण पहिल्या गटांतील ६५० सारखी नोंद कुंपणापासून ५ वरच उभी असेल, तर एवढ्याशा भेदानें ती आंत किंवा बाहेर जाऊं शकते.

दीडपटीचा नियमही बदलतां येतो. व्हिस ह्या नांवानें दुसरा गुणक द्यावा. ० व १०० अशी जोडी दिल्यास मिशा थेट किमान व कमाल नोंदीपर्यंत पोंचतात आणि ठिपका राहत नाहीं. शोफ्लायर्स हें बंद केल्यास मात्र मिशा तेवढ्याच राहून ठिपके दिसेनासे होतात, व आकृति पाहणाऱ्यास कांहीं वगळलें आहे ह्याची गंधवार्ताही लागत नाहीं. छापावयाच्या आकृतींत ही सोय वापरूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. वरील पांच पेट्यांच्या आकृतीखालीं आम्हीं पुढील मजकूर घातला: 'प्रत्येक गटांत २० नोंदी, चतुर्थकें मॅटप्लॉटलिबच्या नेहमींच्या रीतीनें, मिशा चतुर्थकांतराच्या दीडपटीच्या आंतील शेवटच्या नोंदीपर्यंत, बाहेरील नोंदी ६, पहिल्या गटांत १ व तिसऱ्यांत ५, एकही नोंद गाळलेली नाहीं.'