बॉनेट : बंद की उघडे?

बेंगळुरूसारख्या शहरात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : बॉनेट बंद ठेवावे की उघडे? बंद बॉनेटमुळे मोटारीचे मूळ सौष्ठव अखंड दिसते. उघड्या बॉनेटमधून तिच्या अस्सलपणाची साक्ष मिळते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हीए’ मालिकेचा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. मात्र इंजिन, चासी वा सांगाड्यात मोठे फेरफार केलेले नसावेत. रंगाची झळाळी नव्याने आणता येते, मूळ इंजिन मात्र जपावेच लागते. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’चे बॉनेट मध्यरेषेवरील बिजागरीमुळे दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे उघडते. एक बाजू मिटलेली, दुसरी उघडी ठेवली, की रूप आणि सचोटी दोन्ही एकाच वेळी रसिकांसमोर येतात.