जुनी गाडी, मोबाईलवरचा लिलाव आणि आरसीवरचं नाव



निघोज्याच्या शिवारातून रोज नव्या कोऱ्या गाड्या बाहेर पडतात. महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे कारखाने आपल्या उंबऱ्याशी आहेत. पण आज बोलायचं आहे ते जुन्या गाड्यांबद्दल. गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणाकडे सासऱ्यांची जीप उभी असते, कुणाकडे आकुर्डीला तयार झालेली बजाज चेतक. भंगारवाला ती किलोवर मागतो. आणि घरातला मुलगा मोबाईल पुढे करून म्हणतो, "आई, असल्या जुन्या गाड्या ऑनलाईन लिलावात विकतात." मग भंगारात द्यायची की लिलावात? आणि गटातल्या एखादीला वाहन घ्यायचं असेल, तर लिलावातली जुनी गाडी घ्यावी का?

आधी लिलाव समजून घेऊ. चाकणच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आपण पाहिलेला आहे. ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, बोली चढत जाते, शेवटची बोली ज्याची त्याला माल. दोन व्यापाऱ्यांना एकच ढीग हवा असेल तर भाव चढतो, एकच गिऱ्हाईक असेल तर पडतो. ऑनलाईन लिलावाचं तत्त्व हेच. फरक एवढाच की, व्यापारी कांदा हातात घेऊन बघतो, इथे माल फोटोत दिसतो. म्हणून हाताने बघण्याची जागा इथे दोन गोष्टी घेतात: खरे फोटो आणि खरे कागद.

असे लिलाव आपल्या राज्यात होतात. मुंबईची अस्तगुरू ही संस्था चित्रं, दागिने ऑनलाईन लिलावात विकते. तिने २०१८ साली जुन्या, म्हणजे व्हिंटेज आणि क्लासिक मोटारींचाही लिलाव भरवला. एमएसटीसी ही सरकारी कंपनी सरकारी खात्यांच्या आणि जप्त केलेल्या गाड्यांचे लिलाव ऑनलाईन घेते. एप्रिल २०१९ मध्ये ईडीने नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या जप्त केलेल्या १३ गाड्या याच मार्गाने विकायला काढल्या. त्यातल्या १२ विकल्या गेल्या आणि ३ कोटी २९ लाख रुपये आले.

आता प्रश्न किमतीचा. गाडी नुसती जुनी झाली म्हणून महाग होत नाही. ती दुर्मीळ हवी, मूळ रूपात हवी आणि तिच्यात कुणाचा तरी जीव अडकलेला हवा. चाकणला ज्या मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे, तिची १९५५ सालची एक गाडी मे २०२२ मध्ये जर्मनीत लिलावात १३ कोटी ५० लाख युरोला गेली. आपल्या पैशात अकराशे कोटींच्या आसपास. तशा गाड्या कंपनीने दोनच बनवल्या होत्या. आपली चेतक लाखोंनी बनली, म्हणून तिला तसा भाव येणार नाही. पण चालू स्थितीतली, मूळ रंगाची, कागद पूर्ण असलेली चेतक, जुनी जीप किंवा कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी घेणारे हौशी लोक आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून रस्त्यावरून गेली. वस्तू दिसेनाशी झाली की तिची आठवण येणारी माणसं तिला शोधू लागतात.

मूळ रूप का महत्त्वाचं, तेही ऐका. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, घरगुती वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पण तिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. आपल्याकडे पेट्रोलच्या जीपला नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असतं, तिथे ही अडचण येते. या नियमाखाली नव्याने नोंदणी करायची तर फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. जिची नोंदणी आधीच झालेली आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. रोज दूध घालायला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जमिनीला जसा सातबारा, तशी गाडीला आरसी. सातबाऱ्यावर नाव नसेल तर जमीन विकता येत नाही, हे एमआयडीसीत जमिनी गेलेल्या आपल्या भागात कुणाला सांगायला नको. गाडीचंही तसंच. गाडी पतीच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर ती आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून अर्ज करायचा, असा कायदा आहे. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं लागतात. उशीर झाला असला तरी विचारायला जा. दंड पडेल, पण काम होतं. आपल्याकडची वाहनं एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड आरटीओकडे येतात. दीर म्हणतात, "वहिनी, कशाला हेलपाटे, कोऱ्या फॉर्मवर सही करा, मी विकून देतो." कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. किंमत किती आली आणि नाव कुणाच्या माथी राहिलं, हे नंतर कळत नाही.

नाव माथी राहणं म्हणजे काय? गाडी विकली पण नाव बदललं नाही, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितलं. म्हणून विक्री झाली की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करा. भंगारात देणार असाल तरी नोंदणी रद्द करून घ्या. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली तर तसा दाखला मिळतो.

गाडी घेणारीनेही हेच तपासायचं. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. कर्ज फिटलं तरी बोजा तसाच राहिलेला असतो. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. चासी नंबर कागदावर एक आणि गाडीवर दुसरा असेल तर मागे फिरा. लिलावात "जिथे आहे, जशी आहे" अशी अट असते. म्हणजे घेतल्यावर इंजिन बसलं तरी तक्रार चालत नाही. म्हणून पाहणीची तारीख चुकवू नका आणि गावातला भरवशाचा मेस्त्री सोबत न्या.

बोलीच्या आधी आकडा कागदावर लिहा. समजा, बोली दोन लाखांची लागली. लिलाव करणाऱ्याचं कमिशन दहा टक्के धरलं तर २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ हजार ६००. झाले २ लाख २३ हजार ६००. पुढे गाडी आणायचा टेम्पो, आरटीओ, विमा, दुरुस्ती. शेवटच्या मिनिटाला बोली आली की बऱ्याच लिलावांत वेळ वाढते, आणि ईर्षेने आकडा कधी चढला ते कळत नाही. लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जायचं नाही. बोली जिंकून पैसे भरले नाहीत तर अनामत बुडते.

आणि फसवणूक. "मी लष्करात आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात देतो, आधी टोकन पाठवा," असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे मिळण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या वाहनाची आरसी घेऊन या. नाव कुणाचं, बोजा आहे का, वारसाची नोंद राहिलीय का, एवढं एकमेकींचं वाचून बघा. आता आरसीवर नॉमिनीचं नावही लावता येतं. ते लावलंय का, तेही बघा. गाडी विकायची की ठेवायची, ते मग सावकाश ठरवा.